मास्टरांनी पॉलिसी टेबलावर घेतली

बावन्नाव्या वर्षी मास्टरांनी जाहीर केलं की आपण आता काम सोडणार, तेव्हा नारपोलीतल्या आमच्या कारखान्यात एकमत झालं की माणसाचं डोकं फिरलं. आमच्याकडे माणूस काम सोडतो तो दोनच कारणांनी. एक तर शेठशी भांडण होतं, नाहीतर चौघे येऊन उचलून नेतात. शेठशी गोडीत असताना, स्वतःच्या दोन पायांवर चालत कुणी घरी गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मीसुद्धा त्या हसणाऱ्यांतच होते. सगळ्यांत आधी मीच हसले होते, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शहाणी होते असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मी तिथे ऑफिसात कारकून होते, अजूनही आहे. हजेरीचं मस्टर, पीएफ, स्टाफच्या मेडिक्लेमची यादी, सगळं माझ्याच गळ्यात. मास्टर फोल्डिंग खात्यात. लूमवरून, म्हणजे मागावरून, उतरलेलं कोरं कापड तिथे यायचं, तपासून, घडी घालून, शिक्का मारून पुढे जायचं. त्यासाठी एक लांबलचक काचेचं टेबल होतं, काचेखाली ट्यूबलाइट. कापडाचा ताका त्या उजेडावरून ओढत न्यायचा आणि कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय, तिथे लाल खडूने गोल काढायचा. हे काम मास्टरांनी तीस वर्षं केलं आणि पुढे पुढे त्यांना उजेडावर धरल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी वाटेना. औषधाची पाकिटं टेबलावर. पोरांच्या गुणपत्रिका टेबलावर. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला महापालिकेची नोटीस आली तर तो बिचारा ती घेऊन टेबलावर. मास्टर चष्मा कपाळावर चढवायचे, ओठ हलवत वाचायचे आणि खडू टेकवून म्हणायचे, "हितं डॅमेज हाय."

माझ्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी सोडली नाही. तिच्यात मुहूर्ताची आणि जेवणाची वेळ एकच छापली होती. दोन्ही घरच्या शहाण्यांनी ती पत्रिका चार-चारदा वाचली होती, पण हे कुणाला दिसलं नव्हतं. मास्टरांनी गोल काढून ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, "लोकांनी अक्षता टाकायच्या का जेवायचं, बाय?" ऑफिसात मला सगळे मॅडम म्हणायचे, मास्टर मात्र 'बाय' म्हणायचे. आगरी घरात लेकीला, बहिणीला म्हणतात तसं. मला ते आवडायचं, पण तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

काम सोडायचं कारण होतं त्यांची छाती. तीस वर्षं रुईची धूळ आत गेलेली. खोकला सुरू झाला की ताका अर्ध्यावर सोडून त्यांना टेबल धरून उभं राहावं लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं, औषध मी देतो, पण धूळ तुम्हालाच सोडावी लागेल, मास्टर.

सोडली असती त्यांनी उद्याच. अडत होतं ते वहिनींसाठी. मास्टरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापात खराब झालेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आज घाई नाही, पण तीन-चार वर्षांत झडप बदलावी लागेल. तो सगळा खर्च शेठने स्टाफसाठी काढलेल्या ग्रुप मेडिक्लेममधून निघाला असता. पण नोकरी सोडली की मेडिक्लेम बंद. बाहेर नवा विमा काढायला जावं, तर झडपेचा विषय निघताच एजंट चहा अर्धा टाकून उठायचे. एकाने तर खारबावला त्यांच्या घरी बसून, वहिनींच्याच हातची पोह्यांची बशी खाऊन, मग नाही म्हटलं. नोकरी ठेवली तर मास्टरांची छाती जाणार, सोडली तर वहिनींची. इतका साधा आणि इतका वाईट तिढा होता तो.

मी त्यांच्या जागी असते तर रडले असते आणि खोकत खोकत साठीपर्यंत काम ओढलं असतं. मास्टरांनी पॉलिसी टेबलावर घेतली.

म्हणजे अक्षरशः घेतली. माझ्याकडून त्यांनी ग्रुप पॉलिसीचे सगळे कागद छापून मागितले. चाळीसेक पानं, तीही इंग्रजी, तीही असल्या बारीक अक्षरांत की ती वाचली जाऊ नयेत म्हणूनच छापली असावीत. रोज जेवणाच्या सुट्टीत एक पान काचेवर यायचं. अडलेल्या शब्दाचा अर्थ ते मला विचारायचे, मला येत नसला तर मी मोबाइलवर शोधायचे. लूमवाले येता जाता म्हणायचे, "मास्टर, कितने मीटर का है?" मास्टर मान वर न करता म्हणायचे, "अभी तो किनारीच देख रहा हूँ."

एकोणिसाव्या का विसाव्या पानावर त्यांना हवं ते सापडलं. नोकरी सोडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. आणि तसं गेलं तर ग्रुपमधली आधीची वर्षं मोजली जातात, म्हणजे जुन्या आजारासाठी पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागत नाही. फक्त अर्ज आधीची पॉलिसी चालू असतानाच, मुदतीत करायचा. दरवर्षी ती यादी कंपनीला पाठवणारी मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मास्टर, माझ्या तर डोक्यातही आलं नसतं. ते म्हणाले, "तुझ्या डोक्यात कशाला येल? तुझ्या घरात झडप न्हाय."

मग कुठल्या दिवशी सोडायचं, यावरही खडू फिरला. शेठ म्हणत होते, दिवाळीचा बोनस घ्या आणि जा. मास्टरांनी ठरवलं, एकतीस मार्च. पगार सगळा एका वर्षाच्या हिशोबात जाईल आणि पुढच्या वर्षी उत्पन्न फक्त व्याजाचं, म्हणजे कर जवळजवळ नाहीच. पीएफ तसाच ठेवून दे, वाढत राहील, असं सगळे सांगत होते. यांनी शोधून काढलं की नोकरी सुटल्यावर त्यात जे व्याज पडतं त्यावर कर लागतो. तेव्हा तो कधी काढायचा तेही ठरलं. जुन्या करपद्धतीचा एक कागद आणि नव्या पद्धतीचा एक, असे दोन ते काचेवर शेजारी शेजारी ठेवायचे आणि दोन्हीकडे सारख्याच संशयाने बघायचे. आमच्या स्टाफमधला एक जण म्हणाला, मी विमा घेतो तो कर वाचतो म्हणून. मास्टर त्याला म्हणाले, "आहेर मिलतो म्हून लगीन करतंस काय?" तो आठवडाभर फोल्डिंगकडे फिरकला नाही.

वहिनींच्या माहेरची जमीन गोडाऊनवाल्यांनी घेतली होती आणि भावांनी चांगुलपणाने त्यांचा वाटा त्यांना दिला होता. तो वाटा बँकेत होता, त्याच्या व्याजावर आणि मास्टरांच्या पीएफवर दोघांचं घर चालणार होतं. नातेवाईक म्हणायचे, कशाला दोन-दोन खाती, सगळं तुमच्याच नावावर घ्या. मास्टर ऐकत नसत. पैसा तिचा, व्याज तिचं, कराचा फॉर्मही तिचाच, सहीसुद्धा तिनेच करायची. बँकेत व्याजातून कर कापू नये म्हणून एक फॉर्म भरतात, साठीच्या आतल्यांचा वेगळा आणि वरच्यांचा वेगळा. काउंटरवरच्या मुलाने मास्टरांचं पांढरं डोकं बघून साठीच्या वरचा फॉर्म पुढे केला. मास्टरांनी रुमाल काढून केस झटकले. काउंटरवर रुई उडाली. "वय न्हाय हे," ते म्हणाले, "ड्युटीवरून आयलोय."

आता त्या दिवसाकडे येते, ज्या दिवसामुळे मी हे लिहायला बसले.

नव्या प्रकारचं कापड काढायचं असलं की आमच्याकडे आधी थोडंसं सॅम्पल काढतात. ते बघितल्याशिवाय लूम पूर्ण ताक्याला लावत नाहीत. मास्टरांचं म्हणणं पडलं की ऑपरेशनचंही सॅम्पल काढायचं. म्हणजे वहिनी ठणठणीत असताना त्यांना घेऊन हॉस्पिटलात जायचं, कॅशलेसच्या काउंटरवर कार्ड द्यायचं आणि काय होतं ते बघायचं. जानेवारी महिना होता. मी पोट धरून हसले. "हसतंस काय," ते म्हणाले, "यादी तुझ्या हातची हाय, तूपन चल." शेठनेही हसत हसत मला सुट्टी दिली.

वहिनी जरीकाठाची साडी नेसून आल्या होत्या, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. कंपनीच्या यादीतलं पहिलं हॉस्पिटल शोधत आम्ही तासभर रिक्षाने फिरलो. त्या पत्त्यावर टाइल्सचं दुकान निघालं. दुकानदार म्हणाला, हॉस्पिटल कधीच बंद झालं. मास्टरांनी खिशातून यादी काढली, त्या नावाभोवती गोल काढला, आणि इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला उसाचा रस पाजला. "झटका आल्यावर हितं आलो असतो तर?" ते म्हणाले. "फरशी दाखवली असती आपल्याला." वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझं हसणं मात्र तिथून कमी व्हायला लागलं.

दुसरं हॉस्पिटल ठाण्याचं, मोठं. कॅशलेसच्या काउंटरवर एक मुलगी बसली होती.

"पेशंट कोण?"

"ही."

"काय त्रास होतोय?"

"आज काय न्हाय," मास्टर म्हणाले. "व्हायच्या आधी बघून ठेवतोय."

ती मुलगी चांगली होती. तिने आम्हाला हाकललं नाही. कार्ड घेतलं, आधार घेतलं, दोन्ही शेजारी धरले आणि म्हणाली, "काका, ह्या दोन वेगळ्या बायका आहेत."

कार्डावर नाव होतं सुगंधा. आधारवर द्वारका.

दोन्ही नावं वहिनींचीच. लग्नात आमच्याकडे नवऱ्या मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून ती जुन्या नावाची राहत नाही. वहिनी द्वारका होत्या, खारबावला आल्यावर सुगंधा झाल्या. रेशनकार्डावर सुगंधा, शेजारणींत सुगंधा. पण माहेरच्या जमिनीच्या कागदांना शाळेच्या दाखल्यावरचं नाव लागलं, म्हणून आधार आणि पॅन दोन्ही द्वारका नावाने निघाले. मेडिक्लेमची यादी करताना मी आधार मागायला हवं होतं. मी रेशनकार्ड बघितलं आणि सुगंधा लिहून मोकळी झाले. म्हणजे इतकी वर्षं विमा होता तो एका बाईचा, आणि ऑपरेशन होणार होतं दुसरीचं. तशीच नवी पॉलिसी आधार बघून द्वारकाच्या नावाने निघाली असती, तर आधीच्या वर्षांतलं एकही वर्ष तिच्या कामी आलं नसतं.

मी काउंटरसमोरच्या बाकावर बसले. मला खरोखर रडू आलं. म्हटलं, मास्टर, ही माझी चूक आहे. मी लिहिलंय हे.

मास्टर माझ्याजवळ बसले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा कापडात बारीकसा तुटलेला धागा सापडल्यावर व्हायचा तसा झाला होता. "मीपन कार्ड दहादा बघितलंय," ते म्हणाले. "मना दोन्ही नावं बरोबरच दिसली. रोजच्या बघण्यातला डाग डोळ्याला दिसत न्हाय, म्हून परक्या टेबलावर टाकायचं. आनी ऐक. टेबलावर सापडलं ते नुकसान न्हाय, बाय. ते नुसतं काम हाय. ऊठ."

वहिनींनी डबा उघडून माझ्या हातात भाकरी ठेवली. हॉस्पिटलच्या त्या गार, चकचकीत हॉलमध्ये मी सुक्या बोंबलाची चटणी खात होते आणि डोळे पुसत होते. सगळे वळून वळून बघत होते, वासामुळे असावं.

एकतीस मार्चला नोकरी संपणार, त्याच्या महिनाभर आधी अर्ज जायला हवा, आणि त्याच्या आधी ग्रुप पॉलिसीतलं नाव दुरुस्त व्हायला हवं. हातात सहा आठवडे. मी कंपनीला रोज फोन लावायचे. त्यांनी सांगितलं, लग्नाचा दाखला आणा, त्यात लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं हवीत. दाखला कुठला आणणार? अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं लग्न, खारबावच्या अंगणात झालेलं, कुठे नोंदवायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

मास्टर म्हणाले, "मग आता लगीन नोंदवू."

खारबावच्या ग्रामपंचायतीत ती नोंद झाली त्या दिवशी मी हजर होते, आणि माझ्या स्वतःच्या लग्नात मला आली नसेल इतकी मजा मला तिथे आली. मास्टर इस्त्रीचा सदरा घालून, वहिनी तीच जरीकाठाची साडी नेसून. वज्रेश्वरीला दिलेली त्यांची लेक आपल्या पोराला कडेवर घेऊन आईबापाच्या लग्नाला आली होती. वाटेत कोण कोण विचारत होतं, मास्टर, कुठं निघालात, आणि मास्टर सरळ चेहऱ्याने सांगत होते, लगीन करायला. पंचायतीच्या दारात पोचेपर्यंत मागे पंधरावीस माणसं जमली.

ग्रामसेवक तरुण होता. फॉर्म भरता भरता एका रकान्यापाशी येऊन तो थांबला. "लग्न लावणारे पुरोहित कोण? त्यांची सही लागेल."

"ती बसलीय ना," मास्टर म्हणाले.

बाकावर एक वाळलेली, ताठ कण्याची म्हातारी बसली होती. धवलारीण. आगऱ्यांत जुन्या काळी लग्नं बायकाच लावायच्या, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन, आणि या दोघांचं लग्न तिने लावलं होतं. ग्रामसेवकाने फॉर्म बघितला, म्हातारीकडे बघितलं, परत फॉर्म बघितला. "यात पुरोहिताच्या नावाआधी श्री. छापलंय," तो म्हणाला.

"मंग काय झालं," म्हातारी म्हणाली, "खोड ते. ताटातल्या तांदळात हिचं नाव लिवलं तवा मी हितंच होते, तू जन्माला पन आयला नव्हतास."

त्याने ते 'श्री.' मुकाट्याने खोडलं. म्हातारीने अंगठा उठवला, आणि अंगठा उठवल्यावर तिला राहवेना. तिने तिथेच धवला सुरू केला. आवाज चिरका, पण असा चढला की शेजारच्या खोलीतले तलाठ्याकडे आलेले लोकही दारात येऊन उभे राहिले. ग्रामसेवकाने पेन खाली ठेवलं. गाणं संपेपर्यंत पंचायतीचं काम थांबलं आणि कुणीही कुरकूर केली नाही.

दाखल्यावर दोन्ही नावं आली. वहिनींनी तो कागद दोन्ही हातांत धरला. त्यांना सावकाश वाचता येतं, पण येतं. "अठ्ठावीस वरसं झाली," त्या मला म्हणाल्या. "हितं सुगंधा, तितं द्वारका. दोघी एक हायेत, हे आजच कुनी लिवलं." तोवर मी तो कागद विमा कंपनीचा म्हणूनच बघत होते. मला जरा लाज वाटली.

नाव दुरुस्त झालं. अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी गेला. झडपेचं सगळं मास्टरांनी त्यात लिहिलं, लहानपणच्या तापासकट, आणि जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला. कंपनीच्या माणसाने फोनवर मला सांगितलं, इतकं लिहायची गरज नाही, उगीच अडेल. मास्टर म्हणाले, "अडूदे आत्ता. मंग नको अडाया."

उत्तर येईना तेव्हा शेठने मास्टरांना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथे मस्टर घेऊन उभी होते. आमचे शेठ कोकणी मुसलमान, बापाच्या वेळेपासून मास्टर त्यांच्याकडे. ते म्हणाले, "मास्टर, तुम घर जाओ, आराम करो. नाव मस्टरवर राहू दे. पगार नका घेऊ, पण मेडिक्लेम चालू राहील. कोण विचारायला येतंय?"

शेठच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मीही मनातल्या मनात म्हणत होते, मास्टर, हो म्हणा. माझ्या चुकीचं ओझं उतरलं असतं.

मास्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "शेठ, तुमी माझ्यासाठी खोटं बोलाल, हे तीस वर्षं मना म्हायीत हाय. पन तिची छाती उघडलेली असताना मी बाहेर खोटा कागद घेऊन बसू? माझ्याच्यान न्हाय व्हायचं." शेठने उठून त्यांचा हात धरला. आणि पुढे बराच वेळ ते दोघं भलत्याच विषयावर बोलत राहिले.

मंजुरी सत्तावीस मार्चला आली. जास्तीचा हप्ता लावून, पण आधीची सगळी वर्षं धरून, दोघांच्या नावावर, आणि वहिनींची दोन्ही नावं लिहून. मी तो कागद घेऊन ऑफिसातून फोल्डिंगपर्यंत पळत गेले. लूमच्या आवाजात माझं काही ऐकू जाईना, म्हणून मी तो सरळ काचेवर ठेवला. मास्टरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग खडू खिशात टाकला. आजूबाजूचे लूमवाले त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. "पास," मास्टर म्हणाले. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून एवढा साधा शब्द, पुढे 'पण' न लावता, मी पहिल्यांदा ऐकला. कुणीतरी शिट्टी मारली.

एकतीसला संध्याकाळी ते स्वतःच्या पायांनी घरी गेले.

खोकला हळूहळू कमी झाला. ते खाडीकाठच्या वावरात भात करतात, अधूनमधून मला वांगी आणून देतात. मागच्या वर्षी विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी उठला तेव्हा ते पेढे घेऊन खास कारखान्यात आले होते. बारसं असल्यासारखे त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि का वाटले ते निम्म्यांना कळलंही नाही. आता कारखान्यात कुणी हसत नाही. जेवणाच्या सुट्टीत पॉलिसीचे कागद घेऊन माझ्याकडे रांग लागते.

गेल्या हिवाळ्यात वहिनींना जिना चढताना धाप लागली आणि डॉक्टर म्हणाले, आता वेळ आली. हॉस्पिटल तेच ठाण्याचं. काउंटरवर मुलगी दुसरी होती. मी सुट्टी टाकून गेले होते, नाही गेले असते तर मला अन्न गेलं नसतं.

कागद सकाळी गेले. दुपारी कंपनीकडून प्रश्न आला. आजार जुना आहे, पॉलिसी घेऊन तीन वर्षं झालेली नाहीत, आधीच्या विम्याचा पुरावा द्या. मास्टरांनी पिशवीतून पाच कागद काढले आणि काउंटरवर एकाशेजारी एक मांडले. ग्रुपची कार्डं. नावाची दुरुस्ती. लग्नाचा दाखला. अर्ज, त्यात झडपेबद्दल लिहिलेल्या जोडकागदासकट. मंजुरीचं पत्र. मुलीने एकेक वाचला, स्कॅन केला, पाठवला. दीड तास आम्ही तिच्या कॉम्प्युटरच्या पाठीकडे बघत बसलो.

मग ती उठून बाहेर आली. "झालं, काका. सगळं मंजूर आहे. पूर्ण." आणि विचारलं, "तुम्ही विमा एजंट आहात का?"

"न्हाय," मास्टर ताठ होऊन म्हणाले. "फोल्डिंगवाला."

ऑपरेशन पाच तास चाललं आणि चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले तेव्हा श्वासाची नळी काढली होती, पण वहिनी डोळे उघडत नव्हत्या. सिस्टर म्हणाली, सगळं ठीक आहे, गुंगी आहे, पण त्यांनी हाकेला ओ दिली पाहिजे. मास्टरांना आत घेतलं, मला दारात उभं केलं. सिस्टरने फाइल बघून हाक मारली, "द्वारकाबाई." काही नाही. तिने फाइलवरचं दुसरं नाव बघितलं. "सुगंधाबाई." काही नाही. मी दाराची चौकट घट्ट धरली होती.

"काका, तुम्ही हाक मारा," सिस्टर म्हणाली. "घरी मारता तशी."

मास्टर गडबडले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ज्या माणसाने ही दोन्ही नावं ग्रामपंचायतीपासून विमा कंपनीपर्यंत नेऊन पोचवली, त्याच्या तोंडून त्यातलं एकही मी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांनी सिस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लाजून, अगदी नव्या नवऱ्यासारखं लाजून, वहिनींच्या कानाशी वाकले.

"अगो," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "अगो, ऐकलंस का?"

डोळे मिटलेलेच ठेवून वहिनी म्हणाल्या, "ऐकतंय. वरडता कशाला?"